दिवाळीनंतरचं मोठं शिबिर की वर्षभर दारात येणारं माणूस? बीडच्या एका गावासाठी उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाव बीड जिल्ह्यातलं, वस्ती अठराशेच्या आसपास, प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर. गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून तीन लाख रुपये उभे केलेत. दिवाळीनंतर मोठं आरोग्य शिबिर घ्यायचं, शहरातून तज्ज्ञ आणायचे, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करायच्या आणि जमल्यास जुनी रुग्णवाहिका घ्यायची असा विचार आहे. शिबिरात कोणत्या तपासण्या ठेवाव्यात, असं तुम्ही विचारलंय.

तपासण्यांकडे मी शेवटी येते. आधी अडचण कुठे आहे ते बघू. मी मराठवाड्यात ग्रामीण रुग्णालयात आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्या बायकांसोबत बरीच वर्षं डॉक्टर म्हणून काम करतेय. शिबिरातून आलेले कागद घेऊन माणसं माझ्यासमोर बसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद, त्यावर रक्तदाब १७०/१००, खाली पाच दिवसांच्या गोळ्या आणि ‘पुढील उपचार घ्यावेत’ असा शिक्का. बाईंनी पाचही गोळ्या नेमाने घेतलेल्या असतात. बरं वाटलं, गोळ्या संपल्या, विषय संपला. मग दीड-दोन वर्षांनी अंगावरून वारं गेलं की तोच कागद पुन्हा बाहेर निघतो. म्हणजे निदान वेळेत झालं होतं. निदानानंतर त्या घराच्या दारात पुन्हा कोणी गेलं नाही. तुमच्या तीन लाखांनी नेमकी ही जागा भरून निघाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

शिबिरं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. जे काम एका फेरीत तडीस जातं त्याला शिबिर उत्तम. मोतीबिंदू घ्या. गावात डोळे तपासायचे, यादी करायची, ठरलेल्या दिवशी गाडीने जिल्हा रुग्णालयात किंवा चांगल्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात नेऊन शस्त्रक्रिया करून आणायची. नंतर महिनाभर डोळ्यांत थेंब घालायला कोणीतरी लक्ष द्यायचं. म्हातारं माणूस पुन्हा स्वतःच्या पायांनी शेताकडे जातं. चाळिशीनंतरचा जवळचा चष्मा हेही तसंच काम. सुईत दोरा ओवता येत नाही, धान्य निवडताना खडे दिसत नाहीत, म्हणून कितीतरी बायका गप्प बसतात. पण रक्तदाब, साखर, रक्त कमी असणं, मुलाचं वजन न वाढणं, बाळंतिणीची काळजी यांतलं काहीही एका दिवसात संपत नाही.

रक्तदाबाचंच गणित मांडते, कारण अर्धांगवायू आणि हृदयविकार आता गावातही घरं बसवतात. अठराशे वस्तीत तिशीपुढची माणसं साधारण नऊशे धरा. त्यांतल्या चारांपैकी एकाला तरी रक्तदाब निघतो, म्हणजे सव्वादोनशे माणसं. त्यांतल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नसतो, आणि खरी अडचण तीच आहे. दुखत नसलेल्या आजारासाठी रोज गोळी घ्यायची हे कोणालाही सहज पटत नाही. ‘एकदा सुरू केली की कायमची लागते’ ही भीती असते. ‘डोकं दुखलं की घेते’ असा हिशेब असतो. चतुर्थी-एकादशीला गोळी चुकते, कारण गोळीने उपवास मोडेल असं वाटतं. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही हे सुनेने सांगितलं तर पटत नाही, गावातल्याच वडीलधाऱ्या बाईने सांगितलं की पटतं. आणि सर्वांत साधं कारण म्हणजे गोळ्या संपलेल्या असतात आणि केंद्रापर्यंत जायला एक दिवसाची मजुरी बुडते.

हे सुधारता येतं. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात महागडं यंत्र कुठलंच नव्हतं. सगळ्यांसाठी ठरावीक औषधांचा एकच साधा क्रम, एकदम महिनाभराच्या गोळ्या, शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रातच औषध, आणि ठरल्या तारखेला जो आला नाही त्याची यादी काढून त्याच्या घरी जाणं. यातलं शेवटचं काम सरकारी यंत्रणेत सगळ्यात आधी मागे पडतं. तुमचा पैसा तिथे लावा.

आता तुमच्या गावाची खास गोष्ट. दिवाळीनंतर शिबिर घेतलंत तर मांडवात कोण येईल? म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं. ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती पंचविशी ते पन्नाशीची माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा कर्नाटकच्या फडावर गेलेली असतात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून तुमच्याकडे आरोग्याचं वर्ष अक्षय्य तृतीयेला सुरू होतं असं समजा. उन्हाळ्यात सगळ्यांचं मोजमाप करा, पावसाळ्यात औषधं बसवा, आणि पोळ्यानंतर, निघायच्या आधी, प्रत्येक रुग्णाच्या हातात जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या पडतील असं बघा. सहसा महिनाभराच्याच गोळ्या मिळतात, पण वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून ‘ही माणसं सहा महिने बाहेर असतात’ असं यादीसकट सांगितलं तर साठा पाहून ते मार्ग काढतात, असा माझा अनुभव आहे. शिवाय औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि शेवटचा रक्तदाब एका कार्डावर लिहा आणि त्या कार्डाचा फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये ठेवा. फडाजवळच्या कुठल्याही उपकेंद्रात तो दाखवला की तीच गोळी मिळू शकते.

बायकांच्या आरोग्याबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण बीडमध्ये शिबिर घेणाऱ्याने हे माहीत असल्याशिवाय पुढे जाऊच नये. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं आणि राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यामागचं चक्र समजून घ्या. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत कापड धुवायची सोय नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. एक दिवस पडून राहिलं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, हिशेबातून कापले जातात. अशा बाईला कोणी म्हटलं, ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका, कटकट संपेल,’ तर ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते. वास्तविक यांतल्या बऱ्याच तक्रारी जंतुसंसर्गाच्या असतात आणि नवरा-बायको दोघांनी गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला की जातात. कमी वयात पिशवी आणि त्यासोबत अंडाशय काढले तर मात्र अंगातून वाफा निघणं, हाडं ठिसूळ होणं, सांधे धरणं हे तिशी-पस्तिशीतच सुरू होतं, आणि ती बाई पुढच्या हंगामात पुन्हा मोळ्या उचलायला जातेच.

त्यामुळे फुकट शिबिर देऊ करणाऱ्या खासगी रुग्णालयाला हो म्हणण्याआधी एवढं विचारा: इथे निघालेले रुग्ण पुढे कुठे पाठवणार? उत्तर ‘आमच्याकडेच’ असेल तर नम्रपणे नाही म्हणा. आणि गावात एक नियम करून टाका की ज्या बाईला पिशवी काढायला सांगितलं, तिला जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरा सल्ला मिळेपर्यंत शस्त्रक्रिया नाही. तिथे जाण्या-येण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत जाणाऱ्या बाईचा खर्च तुमच्या निधीतून द्या. तीन लाखांतला याहून चांगला खर्च मला सुचत नाही.

हे सगळं करणार कोण? गावातलीच बाई. यात नवं काही नाही. तुमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावांनी निवडलेल्या बायका त्यांनी शिकवून तयार केल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्या नेमाने जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परतून बाळंतपणं, मुलांची वजनं, कुष्ठरोग, क्षय बघायच्या. आरोळ्यांनी आणखी एक शहाणपण दाखवलं. दुष्काळात हापसे घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला, म्हणजे पाण्यासाठी सगळं गाव तिथे जाईल. तुम्हीही रक्तदाब मोजायला बसण्याची जागा निवडताना हे ध्यानात ठेवा. पाटलांच्या ओसरीवर किंवा सरपंचांच्या दारात बसलात तर तांड्यावरची आणि वस्तीवरची माणसं येणार नाहीत. अंगणवाडी किंवा शाळेचा व्हरांडा बरा, आणि आठवड्यातून एक दिवस वस्तीवर बसणं त्याहून बरं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हेच नवजात बाळांच्या बाबतीत सिद्ध करून दाखवलं. ३९ गावांत आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास, अंगावर पिणं बघत होत्या. त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. आज आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते ती पद्धत याच कामातून आली.

मग आशाताई आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि तिला डावलून काहीही करू नका. पण तिच्या डोक्यावर किती नोंदवह्या, किती सर्वेक्षणं, किती ॲप आहेत ते एकदा तिच्याजवळ बसून विचारा. तिच्यावर आणखी एक काम लादण्याऐवजी तिच्या जोडीला दोन मदतनीस द्या. निवड महिला ग्रामसभेत होऊ द्या, तुम्ही पुण्यातून नावं सुचवू नका. एक जण तरी तांड्यावरची किंवा वस्तीवरची हवी, आणि दोघीही हंगामाला बाहेर न जाणाऱ्या हव्यात. त्यांना उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून शिकवून घ्या. औषध ठरवणं हे त्यांचं काम नाही. मोजणं, लिहिणं, आठवण करणं आणि गरज पडली तर सोबत जाणं, एवढंच.

मोजणंसुद्धा नीट शिकावं लागतं. माणूस उन्हातून चालत आला, चहा प्यायला, मिश्री लावली किंवा तंबाखूचा बार भरला आणि लगेच पट्टा बांधला, की आकडा वाढलेलाच येणार. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, मोजताना बोलायचं नाही, आणि दोनदा मोजायचं. हे न पाळल्यामुळे माणसं विनाकारण घाबरलेली मी पाहिली आहेत.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मे महिन्यात टँकर विहिरीत ओततो आणि तिथूनच गावाला पाणी जातं. जुलाबाची साथ बहुतेक वेळा याच दिवसांत किंवा पहिल्या पावसात येते. ग्रामपंचायतीच्या खोलीत जाऊन टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी बघा. तोंड उघडं आणि ओल लागलेली असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि उरतो नुसता चुना. ताजी पावडर हवाबंद डब्यात, सावलीत ठेवायची. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम हे प्रमाण. ती कोरडी फेकायची नाही, बादलीत कालवून, गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, आणि अर्धा तास गेल्यावरच नळ सोडायचा. मग पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघणारी ओटी टेस्ट, आणि तीही टाकीजवळ न करता शेवटच्या घराच्या नळावर. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे. तुमच्या दोन मदतनिसांपैकी एकीने ही तपासणी रोज करून निकाल चावडीच्या फळ्यावर लिहिला, तर पाण्यात पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आपोआप नियमित होतो. या कामाला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

रुग्णवाहिका घेऊ नका. चालक, विमा, टायर, रात्रीची जबाबदारी यांत निधी पहिल्या वर्षीच संपेल. १०८ आहे, गरोदर माता आणि बाळांसाठी १०२ आहे. गाडी यायला उशीर होतो ही तक्रार खरी आहे, म्हणून गावातल्या दोन जीपवाल्यांशी रात्रीचं भाडं आधीच ठरवून ठेवा आणि ते निधीतून द्या. साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडे जाण्यात जो वेळ जातो, तोही अशा ठरवलेल्या गाडीने वाचतो. चावलेला भाग हलवू न देता सरळ प्रतिसर्पविष लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं, आणि ती जवळपास कुठे मिळते हे आजच फोन करून विचारून ठेवा.

आता तपासण्या. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, तोंडाची तपासणी (तंबाखू-मिश्री तुमच्याकडे घरोघरी आहे) आणि अंगणवाडी सेविकेच्या मदतीने पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन आणि दंडाचा घेर. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर ते मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलं पाहिजे. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजं घेऊ नका. ज्या निकालावर गावात पुढे काही करता येणार नाही ती तपासणी पैसेही खाते आणि माणसांना घोरही लावते. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या बायकांना लोहाच्या गोळ्या मिळतातच, पण फडताळात पाकिटं तशीच पडलेली असतात. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून सोडतात. जेवणानंतर रात्री घ्या, चहाच्या वेळी घेऊ नका, काळं होणं साहजिक आहे, एवढं कोणी चार वेळा सांगितलं की पाकिटं रिकामी होऊ लागतात.

पैशांचा माझा अंदाज असा. दोघींना महिना तीन-तीन हजार मानधन दिलं तर वर्षाला ७२ हजार, दोन वर्षांचे १ लाख ४४ हजार. रक्तदाबाची दोन चांगली यंत्रं, ग्लुकोमीटर, हिमोग्लोबिन मीटर आणि पट्ट्या यांना दोन वर्षांत ५० हजार धरा. प्रवास आणि बुडालेल्या मजुरीसाठी ६० हजार. डोळ्यांच्या शिबिरासाठी २० हजार. उरलेले २६ हजार अडीअडचणीला. शिवाय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला सरकारकडून थोडा मुक्त निधी येतो. तो कुठे खर्च होतो ते ग्रामसभेत विचारा.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी प्रत्यक्ष नेमलेला आहे का, औषधांचा साठा टिकतो का, सिस्टर मुक्कामी राहतात का, गावात दोन गट आहेत का, यावर बरंच अवलंबून आहे. साठा टिकत नसेल तर प्रवासाच्या रकमेतून जनेरिक गोळ्या विकत घ्याव्या लागतील, पण त्याही वैद्यकीय अधिकाऱ्याच्या चिठ्ठीवरच. गटबाजी असेल तर कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो फलकावर नको आणि हिशेब दर तीन महिन्यांनी शाळेच्या भिंतीवर लावा.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आधी आशाताई, सिस्टर आणि अंगणवाडी सेविका या तिघींना एकत्र भेटा, सरपंचांना त्यानंतर. तिघींना तीन प्रश्न विचारा: रक्तदाबाची नोंद असलेली माणसं किती, त्यांतल्या किती जणांचा आकडा गेल्या महिन्यात १४०/९० च्या खाली होता, आणि गेल्या वर्षी गावातली किती बाळं दगावली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नोंदवहीत सापडेल. दुसऱ्याचं बहुधा सापडणार नाही, आणि कामाची सुरुवात तिथूनच करायची आहे. ही तीन उत्तरं आणि हंगामाला जाणाऱ्या घरांची यादी मला कळवा. कोणाला आधी गाठायचं त्याचा क्रम मी लावून देते.